मोकळे मत कोणाचे?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्या दिवशी सकाळी एका कामानिमित्त आम्हांस पुलाच्या शिरोलीस जावे लागले. पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गाने पुढे गेले की हे गाव लागते आणि गावाला लागूनच औद्योगिक वसाहत. एरवी येथील भट्ट्यांची धग आणि ट्रकांची वर्दळ कधी थांबत नाही. त्या दिवशी मात्र मतदानाची सुट्टी असल्यामुळे बहुतेक कारखाने शांत होते. फाट्यावर गर्दी होती ती वेगळ्या कारणाने. वडापच्या जीपगाड्या आणि काही खासगी मोटारी ओळीने उभ्या होत्या. काचेवर झेंडा नाही, चिन्ह नाही. पण कोणती गाडी कोणाची हे तेथील पानपट्टीवाल्यासही तोंडपाठ होते. शिरोली-नागावच्या भाड्याच्या खोल्यांतून राहणारे पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगडकडील कामगार त्यांत बसून आपापल्या गावी मतदानास निघाले होते. त्यांपैकी एका प्रौढ कामगारास आम्ही सहज विचारले की, गाडीभाडे कोण देणार? तो हसून म्हणाला, "भाडं कशाचं सायेब? गाडी त्येंनी धाडली, च्या-नाश्ता त्येंचा." मग मत कोणास, हे आम्ही विचारले नाही, तो गुप्त हक्क आहे. त्यानेच आपण होऊन सांगितले, "एवढं केल्यावर दुसऱ्याला दिलं तर मिठाला जागलो न्हाई असं हुईल की."

पलीकडे चहाच्या टपरीवर चार-सहा तरुण स्वस्थ बसले होते. ते सर्व एका फाउंड्रीत ओतकाम करणारे, बिहारकडील. त्यांस कोणतीही गाडी न्यावयास आली नव्हती, कारण या राज्यात त्यांस मतच नव्हते. त्यांतील एकजण नऊ वर्षे शिरोलीत राहतो. येथे त्याने लोखंड ओतले, येथल्या महापुरात त्याची खोली बुडाली, त्याचा मुलगा येथल्या शाळेत मराठी वाचावयास शिकला. मताविषयी विचारता तो म्हणाला की, नाव गावाकडे आहे. मतासाठी जावयाचे तर दोन दिवस जाण्याचे, दोन दिवस येण्याचे, आणि रोजगार बुडणार तो निराळाच.

हे दोघे नागरिक एकाच वसाहतीत घाम गाळतात. पहिल्यास मत आहे, पण ते मीठ-भाकरीच्या भावनेने बांधलेले आहे. दुसऱ्यावर येथल्या कोणाही पुढाऱ्याचा उपकार नाही, तो कोणाच्या भावकीत नाही, कोणाच्या गटात नाही. मत मोकळेपणाने देण्यास तो सर्वांत योग्य, आणि नेमके त्याचेच नाव यादीत नाही. आमच्या लोकशाहीतील दोषांची चर्चा करताना लोक यंत्रांविषयी बोलतात, पक्षांतरांविषयी बोलतात. ते प्रश्न लहान आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु शिरोलीच्या फाट्यावर त्या सकाळी जे दिसले ते आम्हांस अधिक मुळाशी वाटते, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

कोल्हापूर जिल्हा मतदानात मागे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्याच निवडणुकीत जिल्ह्यात सुमारे ७६ टक्के मतदान झाले आणि राज्यात ते सर्वाधिक ठरले. राज्याची सरासरी ६६ टक्क्यांच्या आसपास होती. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांनी घरी बसून लोकशाहीस नावे ठेवावीत आणि येथल्या शेतकऱ्याने उन्हातान्हात रांगेत उभे राहावे, हा भेद आम्हांस नेहमीच अभिमानास्पद वाटत आला आहे. हा मताधिकार काही सहज मिळालेला नाही. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या काळी ज्याच्याकडे ठराविक सारा, घरभाडे वा प्राप्तिकर असेल तोच मतदार होता. १९३५ च्या कायद्यानेही ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार साडेतीन कोटींच्या आसपासच झाले. कोल्हापूर तर संस्थान. ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांच्या आत राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने येथल्या भूमिहीन मजुराच्या आणि जहागीरदाराच्या मताचे वजन सारखे केले, आणि देशात सतरा कोटींहून अधिक लोक मतदार झाले. तेव्हा शहाण्यासुरत्यांनी भाकिते केली होती की, निरक्षरांच्या हाती मत देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ती भाकिते खोटी ठरली. मतदार अडाणी निघाला नाही. तो परतंत्र राहिला, ही गोष्ट वेगळी आहे, आणि डॉ. आंबेडकरांनी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात राजकीय समता व आर्थिक-सामाजिक विषमता यांतील ज्या विसंगतीचा इशारा दिला होता, ती हीच होय.

आता कायद्याकडे पाहू. आम्ही वकिलीच्या धंद्यात काही वर्षे घालविली आहेत, म्हणून वाचकांनी थोडा कलमांचा काच सोसावा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्टाचाराची जी यादी आहे, तीत मतदारास फुकट वाहनाने मतदान केंद्रावर नेणे हा स्वतंत्र अपराध सांगितला आहे आणि १३३ व्या कलमाने त्यास तुरुंगवासाची शिक्षाही आहे. म्हणजे फाट्यावर उभ्या असलेल्या त्या गाड्या, त्या जर उमेदवाराच्या वतीने आल्या असतील तर, सरळ अपराध होता. निवडणुकीतील लाच भारतीय दंडविधानात १९२० सालापासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या १७० व १७३ या कलमांत आली. आणि पुष्कळ लोकांस ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, देणारा जसा गुन्हेगार तसाच घेणाराही गुन्हेगार आहे.

परंतु गावचे नीतिशास्त्र याच्या अगदी उलट चालते. कायद्याच्या दृष्टीने पाकीट घेणारा दोषी. गावाच्या दृष्टीने पाकीट घेऊन मत न देणारा दोषी. जो माणूस उसने घेतलेले पायलीभर धान्य वेळेवर परत करतो, ज्याने कधी कोणाचा पैसा बुडविला नाही, तोच माणूस घेतलेल्या पाचशे रुपयांस जागून मत देतो आणि रात्री निर्धास्त झोपतो. कारण त्याच्या मनाने त्याने व्यवहार पुरा केला आहे. पैसे वाटणाऱ्यांस ही प्रामाणिकता चांगली ठाऊक असते. जेथे तिचाही भरवसा वाटत नाही तेथे देवाला मध्ये घेतात. आमच्या भागात भंडारा उचलायला लावून शपथ घेवविण्याची रीत कोणास नवी नाही. त्याच १२३ व्या कलमात, मत न दिल्यास देवाचा कोप होईल अशी समजूत करून देणे हा गैरवाजवी दबाव मानला आहे; पण भंडारा उचलल्याची फिर्याद घेऊन कोणी मतदार न्यायालयात गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जाईल कसा? शपथ मोडणे त्यास पाप वाटते आणि शपथ घेवविणे पाप आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

तथापि पाकीट आणि जेवणावळ एवढ्यावरच नजर ठेवणारांची आम्हांस गंमत वाटते. मताचा सौदा शेवटच्या पंधरवड्यात होतो अशी त्यांची कल्पना असते. कायद्याचीही कल्पना तीच आहे. त्याचे डोळे निवडणूक जाहीर झाली की उघडतात आणि निकाल लागला की मिटतात. वस्तुस्थिती अशी की, शेवटच्या पंधरवड्यात विकले जाते ते फार थोडे मत. बाकीचे त्यापूर्वी पाच वर्षे बांधले गेलेले असते. हातकणंगले, करवीर, कागल यांतील कोणत्याही शेतकऱ्याचे वर्ष पाहा. पीककर्ज विकास सेवा सोसायटीतून, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँकेतून. पाणी पाणीपुरवठा संस्थेचे. दूध गावच्या दूध संस्थेत. ऊस कारखान्याकडे नोंदविलेला. उसाची तोड वेळेवर आली तर संसार तरला. महिनाभर लांबली तर वजन घटले, रान अडकले, पुढचे पीक गेले. मुलास संस्थेच्या शाळेत शिपायाची जागा पाहिजे, मुलीस महाविद्यालयात प्रवेश पाहिजे. या प्रत्येक दारावर एक गट बसलेला आहे आणि पुष्कळदा सर्व दारांवर एकच गट बसलेला आहे. तोड थांबविण्याची धमकी देण्याची गरजच पडत नाही. ती थांबविता येते एवढे दोघांसही ठाऊक असले की पुरे.

सहकाराचे आम्ही शत्रू नाही. कोल्हापूर जिल्ह्याची भरभराट झाली ती सावकाराच्या जागी सोसायटी आली म्हणून, आणि डोंगराकडील अल्पभूधारकाच्या घरात रोज चार पैसे आले ते दुधामुळे. पण सावकार गेल्यानंतर सावकाराची गादी रिकामी राहिली नाही, हे बोलून दाखविले पाहिजे. सहकारी संस्थांच्या निवडणुका विधानसभेपेक्षा ईर्ष्येने लढल्या जातात, याचे कारण हेच. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट भर रंगात असताना, जिल्हा दूध संघाची, म्हणजे 'गोकुळ'ची निवडणूक झाली. २१ संचालकांसाठी मतदार होते सुमारे साडेतीन हजार ठरावधारक. लाखो उत्पादकांच्या दुधाचा निर्णय एवढ्या माणसांच्या हाती! सत्ताधारी गटाचा पराभव होऊन विरोधी आघाडीस १७ जागा मिळाल्या. सत्तांतर झाले ही गोष्ट लोकशाहीस शोभणारीच आहे. तथापि मतदार जितके थोडे तितका प्रत्येक मताचा भाव अधिक, हा बाजाराचा नियम आहे. अशा मोजक्या मतदारांच्या निवडणुकांत ठरावधारकांना सहलीला नेण्याची प्रथा सर्वांस विदित आहे. स्थानिक संस्थांतून विधान परिषदेवर पाठवावयाच्या जागेची तीच कथा. कोल्हापूरच्या त्या मतदारसंघात मतदार चारशेच्या आसपास. कोणता प्रौढ मनुष्य मतदानाआधी आठ दिवस स्वखुशीने घरदार सोडून परगावच्या हॉटेलात राहावयास जातो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, मत गुप्त आहे. उपकार कोणाचेही घ्यावेत आणि आत जाऊन मनाला येईल ते बटण दाबावे. हे उत्तर शहरात पटण्याजोगे आहे. खेड्यात ते पटत नाही, कारण एका माणसाचे मत गुप्त असले तरी वस्तीचे मत गुप्त नाही. हल्ली प्रत्येक केंद्राची मते वेगळी मोजली जातात आणि त्यांचा तक्ता प्रसिद्ध होतो. आठशे-हजार मतांच्या केंद्रात कोणत्या गल्लीने, कोणत्या वाडीने कोणास मत दिले याचा हिशेब निकालाच्या संध्याकाळीच मांडला जातो. मग रस्ता कोणत्या वाडीचा व्हावयाचा आणि टाकी कोणाची राहावयाची ते ठरते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती तालुक्यातील मासाळवाडीच्या लोकांस, मते न मिळाल्यास पाणी तोडू, असे सांगितल्याची तक्रार झाली होती. ज्यांच्यावर आरोप झाला त्यांनी तो नाकारला. खरेखोटे काहीही असो, अशी धमकी देणे शक्य होते तेच मुळी गावाचे मत उघडे असते म्हणून. मतपत्रिकेच्या काळी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय १९६१ च्या नियमांत करता येत होती. यंत्रे आली आणि ती सोय गेली. चौदा केंद्रांची मते एकदम बेरजेने दाखविणारे टोटलायझर नावाचे उपकरण तयार आहे. निवडणूक आयोगाने ते २००८ सालीच सुचविले, विधि आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात त्यास दुजोरा दिला, आणि केंद्र सरकारने ते नाकारले. पक्ष इतर सर्व बाबतीत एकमेकांचे गळे धरतात. गावाच्या मताचा तक्ता मात्र सर्वांसच हवा असतो. मतदान यंत्रांवर रोज तोंडसुख घेणाऱ्या पुढाऱ्यांनी या एका उपकरणासाठी एकदा तरी मोर्चा काढावा, म्हणजे त्यांचा कळवळा खरा मानता येईल.

पैशाविषयी थोडक्यात. उमेदवाराच्या खर्चास मर्यादा आहे, २०२२ मध्ये ती लोकसभेसाठी ९५ लाख व विधानसभेसाठी ४० लाख झाली. पक्षाच्या खर्चास मर्यादा नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अमरनाथ चावला यांच्या प्रकरणात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या माथी मोजावा असा निकाल दिला, तर त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निष्प्रभ करण्यात आला. पुढे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते घटनाबाह्य ठरविले. वरच्या थरात पैसा असा वाहतो, तर खालच्या थरातील नमुना नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे दिसला. तेथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला आणि राज्य निवडणूक आयोगाने २०२१ च्या जानेवारीत त्या दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. लिलावाची रक्कम देवळासाठी होती असे म्हणतात. देवाचे नाव येथेही आलेच.

सरकारी तिजोरीतून निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२४ च्या जून महिन्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, ऑगस्टपासून दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले आणि नोव्हेंबरात निवडणूक झाली. ज्या बाईच्या नावावर जन्मात बँकेचे खाते नव्हते तिच्या हाती हक्काचे पैसे आले, यास लाच म्हणणे हा तिचा अपमान आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. विरोधकांनीही त्याच निवडणुकीत त्याहून मोठ्या रकमेचे वचन दिले होते, आणि २००८ ची शेतकरी कर्जमाफी २००९ च्या लोकसभा निवडणुकीआधीच आली होती. जाहीरनाम्यातील आश्वासन भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी यांच्या प्रकरणात सांगितले आहे. आमचा आक्षेप मुहूर्तावर आहे. साडेचार वर्षे न सुचलेली दया पाचव्या वर्षाच्या उत्तरार्धात सुचावी, आणि ती कोणाच्या फोटोसह घरी यावी, म्हणजे राज्याचे देणे पुढाऱ्याचे मीठ होऊन बसते. फाट्यावरील त्या कामगाराने गाडीविषयी जे म्हटले तेच मग तिजोरीविषयी म्हटले जाते.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळतो.

शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच नावाच्या लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. विजयी उमेदवार धैर्यशील माने यांस ५,२०,१९० मते, दुसरे सत्यजित पाटील सरूडकर यांस ५,०६,७६४, आणि तिसरे राजू शेट्टी यांस पावणेदोन लाखांहून अधिक. फरक १३,४२६ मतांचा. तिरंगी लढतीमुळे विजयी उमेदवारास एकूण मतांच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास मते पुरली. ही आमच्या पद्धतीची जुनी खोड आहे आणि तिचा लाभ आजवर सर्व पक्षांनी घेतला आहे. जेथे निकाल इतक्या मतांवर फिरतो, तेथे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींतील परराज्यातून आलेल्या कामगारांचा लोकसभेसाठी वा विधानसभेसाठी हिशेबच नसावा, ही साधी गोष्ट नव्हे.

कायद्याने त्यांस कोणीही अडविलेले नाही. १९५० च्या कायद्याचे १९ वे कलम एवढेच विचारते की, मनुष्य वयाने अठरा वर्षांचा आहे काय आणि तो त्या मतदारसंघात सामान्यतः राहतो काय. त्याची मातृभाषा, जन्मगाव, जात यांपैकी काहीही विचारीत नाही. नऊ वर्षे शिरोलीत राहणारा मनुष्य शिरोलीचाच मतदार व्हावयास हवा. एवढेच नव्हे, तर एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवणे बेकायदा आहे. असे असता तो नाव नोंदवीत का नाही? आम्ही त्याला हेच विचारले. घरमालक भाडेकरार करून देत नाही, कारण करार केला की कागद होतो आणि कागद झाला की कर लागतो. ठेकेदार म्हणतो, तुला मताशी काय करावयाचे आहे? काही स्थानिक पुढाऱ्यांस आपल्या बसविलेल्या गणितात नवे आकडे नको असतात; ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, तेव्हा परक्यांची पाच-पन्नास नावे चढली तर प्रभाग हातचा जावयाचा. आणि त्यास स्वतःसही भीती असते की, गावाकडचे नाव गेले तर शिधापत्रिका जाईल, जमिनीच्या वाटणीत भाऊ पुढे सरेल. ही भीती कायद्याने निराधार आहे. मतदारयादी आणि वारसाहक्क यांचा काही संबंध नाही.

'परप्रांतीय' हा शब्द आम्हांस ऐकू येत नाही असे नाही. मराठी माणसास आपल्या भूमीत काम मिळाले पाहिजे, याविषयी आमचे कोणाशीही दुमत नाही. परंतु ज्याचे हात भट्टीस चालतात, ज्याने भरलेला साचा मोटारकारखान्यास चालतो, त्याचे मत तेवढे चालत नाही, असे म्हणणाऱ्यास राष्ट्र म्हणजे काय हे पुन्हा शिकावे लागेल. मुंबईत, सुरतेत, इंदुरात, बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसे मत देत आली. तेथे कोणी त्यांस कोल्हापूरला जाऊन मत द्या म्हटले असते तर आम्ही हेच पान लाल केले असते. सीमेवरील सैनिकास टपाली मत आहे आणि ते योग्यच आहे. परदेशी राहणाऱ्या नागरिकासही २०१० च्या दुरुस्तीने गावच्या यादीत नाव ठेवता येते. देशातच पोटासाठी फिरणाऱ्याची मात्र कोठेच सोय नाही. निवडणूक आयोगाने १६ जानेवारी २०२३ रोजी दूरस्थ मतदान यंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी पक्षांस बोलाविले. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची मते घेता यावीत अशी ती योजना होती. पक्षांनी शंका काढल्या, काही रास्तही होत्या, आणि विषय तेथेच राहिला.

पुढे २०२५ च्या उन्हाळ्यानंतर बिहारात याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली. त्यांत मृत होते, दुबार होते, आणि मोठा भाग कायमचे स्थलांतरित वा पत्त्यावर न सापडलेल्यांचा होता. यादी शुद्ध असावी हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. मात्र त्याचा शेवट काय झाला पाहा. तू येथे राहत नाहीस म्हणून तेथले नाव गेले. आणि तू येथला नाहीस म्हणून येथे नाव नाही. अशा माणसाने नागरिक कोठे व्हावयाचे? आगगाडीत?

एक प्रामाणिक शंका आहे, ती दडवून ठेवीत नाही. वसाहतीतील शेकडो कामगारांची नावे चढली तर उद्या कामगार पुरविणारा ठेकेदारच मते पुरवू लागेल. आज जसा गट तसा उद्या मुकादम. ही शंका खोटी नव्हे. ज्याची नोकरी तोंडी आणि खोली दुसऱ्याच्या नावावर, त्यास वाकविणे सोपे. त्यावर उपाय कामगारास मतापासून दूर ठेवणे हा नसून त्याच्या नोकरीचा आणि खोलीचा कागद करणे हा आहे. आणि केंद्रावरील मतमोजणी मिसळून करणे हा आहे, जे येथल्या शेतकऱ्यासही तितकेच हवे आहे.

कारखानदारांस आमचे दोन शब्द आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमाने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणे बंधनकारक आहे, रोजंदारीवरील मनुष्यासही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते त्यास अपवाद आहे. भट्टी पेटती ठेवावी लागते हे आम्हांस समजते, परंतु त्या अपवादाच्या आड पॅकिंग करणारा आणि गेटवरचा शिपाई लपविता येत नाही. मोडणाऱ्यास दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. एका मताचा जो भाव गावात चालतो तोच कायद्याने मालकासही लावला आहे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. शिरोलीच्या उद्योजकांची 'स्मॅक' ही संघटना वसाहतीच्या विजेसाठी, रस्त्यांसाठी सरकारशी भांडत आली आहे. तिने मनावर घेतले तर वर्षातून चार वेळा, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या अर्हता दिनांकांच्या सुमारास, वसाहतीतच नावनोंदणीचे टेबल मांडणे अवघड नाही. नव्या नावासाठी नमुना ६, स्थलांतरासाठी नमुना ८. राहण्याचा कागद नसल्यास केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी, अशी सोय आयोगानेच ठेवलेली आहे. घरमालकाच्या मर्जीवर सर्व अवलंबून नाही.

त्या बिहारी कामगाराची आणि आमची थंडीत पुन्हा गाठ पडली. घरून फोन आला होता. तिकडच्या यादीतून त्याचे नाव गेले होते. आम्ही त्यास नमुना ६ दिला आणि टपरीवरच बसून भरून घेतला. पत्त्याच्या रकान्याशी तो थांबला. घरमालकास विचारून सांगतो, म्हणाला. आम्ही त्यास वरील सोय समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतली, अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा झाल्यामुळे उठून गेला. अर्ज अद्याप त्याच्या खिशातच आहे.